फुकटचा पास आणि मिंधेपणाची किंमत



लग्नघरी एक जण आहेराची वही घेऊन बसलेला असतो. कोणी काय दिले ते तीत टिपले जाते आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, आहेर केला जातो. घेतलेले फेडावे, खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्या समाजाची जुनी शिकवण आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु सार्वजनिक पदावरील माणसाच्या बाबतीत हाच सद्गुण संकट होऊन उभा राहतो. खासगी आहेर माणूस स्वतःच्या पदरचे खर्चून फेडतो. पदामुळे मिळालेल्या भेटीची फेड मात्र जनतेच्या हिताला कात्री लावून होण्याचा संभव असतो.

लाचेचे पाकीट पुढे आले तर सरळ माणूस हात मागे घेतो. तिकिटाचे तसे नसते. नाटकाच्या पहिल्या रांगेची दोन तिकिटे किंवा क्रिकेट सामन्याचा मानाचा पास आला, तर त्यात वावगे ते काय, असे कोणासही वाटते.

ब्रिटनमधील २०२४ सालचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्या वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान झालेले कीअर स्टार्मर यांनी फुटबॉल सामन्यांची आणि टेलर स्विफ्ट या गायिकेच्या कार्यक्रमाची तिकिटे भेट म्हणून स्वीकारली होती. तेथील संसद सदस्यास ३०० पौंडांवरील भेटींची जाहीर नोंद करावी लागते. स्टार्मर यांनी अशा नोंदी केल्या होत्या आणि तिकिटे घेण्यास नियमाची आडकाठी नव्हती. तरीही लोक संतापले. त्याच सुमारास त्यांच्या सरकारने लक्षावधी निवृत्तांचा हिवाळी इंधनभत्ता बंद करण्याचे ठरविले होते. वृद्धांनी काटकसर करावी आणि राज्यकर्त्यांनी फुकट खेळ पाहावेत, हे लोकांना खुपले. शिवाय फुटबॉल क्लबांवर देखरेख ठेवणारी नवी यंत्रणा ते सरकार उभारणार होते आणि तिकिटे देणाऱ्यांत फुटबॉल क्षेत्रातील संस्थाही होत्या. अखेर ऑक्टोबरमध्ये स्टार्मर यांनी काही भेटींपोटी ६,००० हून अधिक पौंड परत केले; त्यांत त्या गायिकेच्या कार्यक्रमाच्या सहा तिकिटांची किंमत होती. यावरून असे दिसते की, नोंद आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. काय घेतले, हे नोंद सांगते. घेणे योग्य होते काय, हे ती सांगत नाही.

आपल्याकडील एक उदाहरण इंदूरचे आहे. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना तेथील होळकर स्टेडियमवर व्हावयाचा होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नव्या घटनेप्रमाणे ९० टक्के तिकिटे जनतेस विकणे बंधनकारक झाले होते. मानाच्या पासांसाठी १० टक्केच उरत होती. या पासांच्या वाटणीवरून मंडळ आणि मध्य प्रदेश क्रिकेट संघटना यांच्यात तंटा झाला आणि सामना विशाखापट्टणमला गेला. खिडकीवर पैसे मोजण्यास तयार असलेला इंदूरचा सामान्य प्रेक्षक मात्र सामन्यास मुकला. फुकटची खुर्ची आकाशातून पडत नाही; ती कोणाच्या तरी वाट्याची असते.

सरकारी सेवकांसाठी नियम स्पष्ट आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील तेराव्या नियमाप्रमाणे फुकट प्रवास, निवास, भोजन किंवा अन्य सेवा हीदेखील भेटच होय. प्रसंगोपात्त जेवण वा साधा पाहुणचार तेवढा वगळलेला आहे. ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो त्यांचा भपकेबाज किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असेही तो नियम सांगतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ तर मंत्र्यांसही लागू आहे.

तथापि प्रत्येक प्रसंगी नियमाचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. ही खुर्ची आपल्याकडे नसती, तर हे तिकीट आपल्याकडे आले असते काय, एवढा प्रश्न मनाशी विचारावा. रस्त्याचा ठेकेदार सरपंचांना नाटकाची तिकिटे पाठवितो, पुस्तकविक्रेता मुख्याध्यापकांना सामन्याचा पास देतो, तेव्हा उत्तर शोधावे लागत नाही. त्याच ठेकेदाराचे बिल उद्या पंचायतीपुढे येते. सरपंचांनी ते अगदी योग्य म्हणून मंजूर केले, तरी गावाला ते तसे वाटत नाही. मिंधेपणाची पहिली किंमत ही आहे: न्याय्य निर्णयावरचाही विश्वास उडतो.

देणाऱ्याची जबाबदारीही कमी नाही. काम व्हावे म्हणून किंवा झाले म्हणून साहेबांच्या घरी काही पोचविण्याची रीत नागरिकांनी सोडली पाहिजे. ज्या कामाचा पगार जनता देते, त्याबद्दल धन्यवादाचे दोन शब्द पुरेत. आणि पदावरील व्यक्तीस खेळाची वा गाण्याची हौस असेल, तर तिने तिकीट विकत घेऊन जावे. नम्रपणे परत केलेल्या पासाने कोणाचा अपमान होत नाही. उलट पुढच्या वेळी पास घेऊन येणारा दारातच विचार करतो.