कुंभार्ली घाटातला एक दिवस

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक झाली की ती कुठे आणि का झाली, हे सगळ्यांसमोर मांडायची पद्धत आहे. डिसेंबरात आपण पुणे ते मिरजोळी सायकल यात्रा काढली. तिच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडून झालेली चूक आज मांडतो.

कॉलेज लांब आहे म्हणून दहावीनंतर ज्या मुलींचं शिक्षण थांबतं, त्यांच्या सायकलींसाठी आपण पैसे जमवत होतो. मिरजोळी हे हमीदभाईंचं, म्हणजे हमीद दलवाईंचं गाव, म्हणून शेवट तिथे. आम्ही २२ जण होतो, त्यात ५ जणी. पहिल्या दिवशी सातारा, दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून पाटण आणि तिसऱ्या दिवशी कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता.

सकाळी साडेसहाला पाटण सोडलं तेव्हा हाताची बोटं गारठली होती. कोयनानगरपर्यंत चढ हळूहळू लागतो. दमवतो, पण बोलत बोलत चढता येतो. सगळ्यात पुढे होती आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. तिच्या मागे, पन्नास पावलांवर, स्कूटरवर तिचे अब्बा. पुण्यापासून ते असेच येत होते. मुलीला नाही म्हणवलं नाही आणि एकटीला सोडवलंही नाही. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना हसलो. तिसऱ्या दिवसापर्यंत ते आमचे पाणीवाले झाले होते.

कोयनानगरला पोहे-चहा झाला आणि आम्ही घाटमाथ्यावर आलो. इथून पुढे वळणावळणाचा तीव्र उतार. समोरून ट्रक, एसटी. मी आधीच एक तक्ता करून सगळ्यांना पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, ‘घाटात महिलांच्या सायकली टेम्पोत.’ मी तो वाचून दाखवला. त्या मुलीच्या अब्बांनी सुटकेचा श्वास सोडला. ती मात्र काही बोलली नाही. हँडलवरचा हात तिने काढला नाही, एवढंच.

आमच्यातल्या एक बाई नर्स आहेत. त्यांनी विचारलं, “हा नियम कशावरून केलास?”

मी म्हणालो, “सुरक्षिततेसाठी.”

“मग ब्रेक तपास. बाईमाणूस कशाला तपासतोस?”

मला उत्तर देता येईना. सायकल घाट उतरते ती ब्रेकवर. रबर झिजलं असेल, सतत ब्रेक दाबून रिम तापली, तर ट्यूब फुटू शकते. यातलं काहीच चालवणाऱ्याकडे बघून कळत नाही. आम्ही २२ सायकली तपासल्या. चार टेम्पोत गेल्या. त्यातली एक सत्तरीच्या आमच्या सरांची, एक नर्सबाईंची आणि एक माझी. माझं मागचं रबर पार गेलं होतं. नियम करणारा टेम्पोत बसला आणि ती मुलगी सायकलवर निघाली.

तिच्या अब्बांचा चेहरा मी विसरणार नाही. ते तिला एवढंच म्हणाले, “बेटा, थांबत थांबत उतर.” ती पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून दाबत, वळणापूर्वी वेग कमी करत उतरली. दोनदा थांबून तिने रिम निवू दिली. पोफळीला पोचल्यावर अब्बांनी स्कूटर लावली, रुमालाने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

टेम्पोत बसल्या बसल्या मला माझी बहीण आठवत होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमचं गाव कराड तालुक्यातलं. ज्युनिअर कॉलेज सात किलोमीटरवर. मी सायकलने गेलो आणि पुढे इंजिनीअरिंगला पुण्याला आलो. तिची दहावी झाली तेव्हा घरात म्हणाले, “एवढ्या लांब पोरगी कशी जाणार?” मी लोकांना आजवर सांगत आलो की बहिणीला सायकल मिळाली नाही. ते खरं नाही. माझी सायकल घरीच होती, पत्र्याखाली. सुट्टीत आलो की मीच तिच्यात हवा भरायचो. पण ‘ती जाऊ दे’ हे मी एकदाही म्हणालो नाही. तेव्हाही सगळे सुरक्षिततेबद्दलच बोलत होते.

तेव्हा मित्रांनो, नुसत्या सायकलीने भागत नाही. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी त्या योजनेची तपासणी केली. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. शाळा जिथे लांब, तिथे फरक जास्त. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की सायकल गावातल्या एकाच मुलीला मिळाली नाही. वर्गातल्या सगळ्यांना मिळाली. एकटी निघाली की गाव बघतं. दहाजणी निघाल्या की ती शाळेची वेळ होते. १८ एप्रिल १९६६ ला हमीदभाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, त्यातही सात जणी होत्या. सातच, पण बरोबर.

म्हणून माझी सूचना. जमलेल्या पैशातून ३१ सायकली येतात. त्या ३१ गावांत एकेक वाटून फोटो काढू नका. दोन-तीन गावं निवडा आणि तिथल्या कॉलेजला जाऊ शकणाऱ्या सगळ्या मुलींना द्या. आधी त्यांच्या आई-वडिलांबरोबर बसा. भीती वाटणाऱ्या बापाला हसू नका, पहिला आठवडा त्याला मागून येऊ द्या. आणि घरातल्या भावांना बोलवा. त्यांच्याशी मी बोलेन.

संध्याकाळी मिरजोळीहून मी बहिणीला फोन केला. पत्र्याखालच्या सायकलीबद्दल पहिल्यांदाच बोललो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भाई, तू हवा भरायचास ना, तेव्हा मला वाटायचं आज म्हणशील.”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी पत्र्याखाली अशी सायकल असेल, तर आजच म्हणा.