रुमाल कोणी बांधायचा?



या संमेलनाच्या अध्यक्षाने ख्रिस्ती नम्रतेवर बोलावे, अशी स्वागत समितीची इच्छा आहे. बोलतो. पण आपल्या मंडळ्यांमध्ये ज्या नम्रतेचे गोडवे गायले जातात, तिच्याविरुद्ध मी उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नवऱ्याचा मार खाऊन एखादी बाई पाळकांच्या दारात येते. तिला सांगतात, ‘बाई, ज्याचा त्याचा क्रूस ज्याने त्याने वाहायचा. प्रार्थना कर, नमतं घे.’ नवऱ्याला मात्र कोणी बोलावून घेत नाही. तो रविवारी दानाची थैली फिरवत असतो. देवळाचा झाडूवाला थकलेला पगार मागतो, तेव्हा पंच म्हणतात, हल्ली सेवाभाव उरला नाही. वीस वर्षे आपली भांडी घासणाऱ्या बाईला आपली शाळकरी मुले ‘ए’ म्हणून हाक मारतात, आणि कौटुंबिक उपासनेत हीच मुले नम्रतेची वचने पाठ म्हणून दाखवतात. जो आधीच खाली आहे, त्याच्याचकडून आपण नम्रता वसूल करतो. गावगाड्याच्या जुन्या कायद्याला आपण फक्त बाप्तिस्मा दिला आहे!

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय उघडा. जेवण चालू असताना कोण उठतो? सर्वांत मानाचा माणूस. बाहेरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. हे गुलामाचे काम. ते गुरूने केले. शिष्यांनी आपले पाय धुवावेत, असे त्याने मागितले नाही. पेत्र संकोचला, पण गुरूने त्याचे ऐकले नाही. यहूदा इस्कर्योतही त्या वेळी तिथेच होता. या प्रसंगात सेवा वरून खाली वाहते. आपण ती उलटी वाहवली आणि वर बसून पाय पुढे केले. विधीतसुद्धा आपली मजल कुठवर गेली होती पाहा: कॅथलिक नियमाप्रमाणे पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुवायचे, ते पुरुषच निवडायचे असत. तो नियम पोप फ्रान्सिस यांनी बदलला तो २०१६ साली. त्याआधी २०१३ मध्ये रोमच्या बाल तुरुंगात जाऊन त्यांनी कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, एक मुसलमान मुलगीही होती. तेव्हा केवढी कुजबुज झाली!

आता आपल्या मातीतली साक्ष काढतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे चेल्टनमला त्या संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी मान तुकवली नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती देणार नाही, अशा अर्थाची खरमरीत पत्रे त्यांनी लिहिली. इंग्लंडमधल्या ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आईसारखे मानत, त्यांनीच त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा ठपका ठेवला. ती पत्रे आज छापील आहेत, अवश्य वाचा. आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन याच ‘गर्विष्ठ’ बाईने उपासमारीने खंगलेल्या, कोणी हात लावायला तयार नसलेल्या मुलींना गोळा केले, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणले, न्हाऊमाखू घातले, शिकवले. संस्कृत पंडितांच्या सभेत ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे साध्या बायकांना कळेल असे बायबल मराठीत आणण्यात घालवली. मुक्तीतल्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले. ते पुरे छापून निघाले १९२४ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी.

बिशपासमोर ताठ आणि अनाथ पोरीसमोर ओणवे. माझ्या लेखी ख्रिस्ती नम्रता ती ही. आपल्यातले कितीतरी प्रतिष्ठित नेमके याच्या उलट वागतात, साहेबासमोर ओणवे आणि मोलकरणीसमोर ताठ, आणि तरी वार्षिक सभेत त्यांच्या विनयाची स्तुती होते. रमाबाई आज आपल्या एखाद्या पंचकमिटीपुढे आल्या, तर आपण त्यांनाही ‘जरा नमतं घ्या’ असेच सांगू, याची मला खात्री आहे.

लेखकांनो, आपणही यातून सुटत नाही. सोशीक आई, मुकी सून, कधी तक्रार न करणारा म्हातारा नोकर यांच्या कथा आपण ख्रिस्तजयंतीच्या अंकांत किती छापल्या! रुमाल बांधणाऱ्या मालकाची, सुनेची माफी मागणाऱ्या सासऱ्याची कथा मला शोधूनही सापडत नाही. लिहा ती. आणि ती मनाने रचावी लागू नये, असे आधी घरात वागा.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडतो. प्रत्येक मंडळीने आपल्या नोकरांचा थकलेला पगार येत्या ख्रिस्तजयंतीपूर्वी चुकता करावा. आणि घरात मार खाणाऱ्या बाईची तक्रार आली, तर तिला उपदेश करण्याआधी नवऱ्याला पंचांसमोर बोलवावे. त्या बैठकीत निम्म्या बायका असाव्यात. आणि ती बाई पोलिसांत जाऊ म्हणाली, तर कोणीही तिची वाट अडवू नये. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी मागे कुजबुजू नये. ध्वनिक्षेपक इथे आहे. पुढे यावे आणि बोलावे.