कानातले थेंब आणि मामांचा फोन

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. मूळची साताऱ्याची, गेली अठरा वर्षं बंगळूरला जयनगर भागात दवाखाना चालवते. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, कानात थेंब टाकण्यावर बोलायचं ते काय? बाटली उघडायची, दोन थेंब टाकायचे, झालं. एके काळी मीही हे इतकंच सोपं धरून चालले होते, म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

पाच-सहा वर्षांपूर्वी कराडहून माझ्या मामांचा रात्री फोन आला. "अगं, डावा कान ठणकतोय. मागे तू लिहून दिलेली बाटली फ्रिजमध्ये आहे. टाकू का?" मी जेवायला बसले होते. म्हटलं, "टाका मामा, दिवसातून तीनदा." मी कान पाहिला नाही. बाटली कधी फोडली ते विचारलं नाही. आणि मामांना वीस वर्षं मधुमेह आहे हे मला पक्कं माहीत असूनही, त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. पुढचं शेवटी सांगते.

बाहेरच्या कानाचा संसर्ग म्हणजे कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची जी नळी आहे, साधारण अडीच सेंटीमीटरची, तिच्या कातडीला सूज येणं. या नळीत मळ असतो तो आपल्या भल्यासाठी. तो किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असतो, पाणी आणि जंतू दूर ठेवतो. आपण इअरबडने तो कोरून काढतो, कातडीला ओरखडा पडतो, वरून पाणी जातं, की जंतूंचं फावतं. बंगळूरला माझ्याकडे याची रांग लागते ती दोनदा. एप्रिल-मेमध्ये, कारण सोसायट्यांच्या तलावांत मुलांची पोहण्याची शिबिरं. आणि मग पाऊस लागला की, कारण ओलसर हवा, हेल्मेट आणि दिवसभर कानात खुपसलेले इअरफोन. आयटीवाली मंडळी आठ-आठ तास मीटिंगमध्ये, कानाला वारा म्हणून लागत नाही.

ओळखायचं कसं? कानाच्या भोकासमोर जो छोटा कुरकुरीत उंचवटा आहे, तो दाबला किंवा कान ओढला की कळ येते. मधल्या कानाच्या, म्हणजे पडद्यामागच्या दुखण्यात सहसा असं होत नाही. पण हा फक्त अंदाज. पडदा शाबूत आहे की नाही, हे कानात बघितल्याशिवाय कळत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर तर मुळीच नाही. बंगळूरला आता दहा मिनिटांत औषध दाराशी येतं. कान तपासणारं मात्र कुणी येत नाही.

बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, थेंब कशाला, स्ट्राँग गोळी द्या." साध्या, बाहेरच्या कानापुरत्याच संसर्गात गोळीपेक्षा थेंबच जास्त स्ट्राँग असतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब ०.३ टक्क्यांचे, म्हणजे एका मिलीलीटरला ३ मिलिग्रॅम. तेच औषध ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतून घेतलं तर रक्तात जेवढं सापडतं, त्याच्या जवळपास हजारपट हे होतं. आणि तेही नेमकं दुखऱ्या जागेवर. अट एकच, ते त्या जागेपर्यंत पोचलं पाहिजे.

आता घोळ इथे होतो की सगळ्या बाटल्या दिसतात सारख्या. मळ मऊ करायचे थेंब वेगळे. त्यांत बऱ्याचदा टर्पेंटाइनचं तेल असतं, ते सुजलेल्या कानात टाकलं की माणूस उडी मारतो. बुरशीचे वेगळे. जंतूंचे वेगळे. काहींत स्टिरॉइड असतं, सूज आणि खाज उतरवायला. पावसाळ्यात खाजणाऱ्या कानात मी डोकावते तेव्हा पुष्कळदा बुरशी दिसते, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. विचारावं तर कळतं, घरातले जुने अँटिबायोटिक थेंब तीन आठवडे चालू आहेत. जंतू मेले, बुरशीला रान मोकळं झालं.

आणि पडद्याला भोक असेल तर? निओमायसिन, जेंटामायसिन ही औषधं बाहेरच्या कातडीवर चालतात, पण भोकातून आत उतरली तर आतल्या कानाला इजा करू शकतात. ऐकू येणं कमी होतं, तोल जातो, आणि ते परत येईलच असं नाही. ज्यांचा कान लहानपणापासून वाहतो, ज्यांच्या कानाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. अशा कानांसाठी सुरक्षित थेंब मिळतात. एक खूण लक्षात ठेवा. थेंब टाकल्यावर घशात कडू चव आली, तर पडद्याला भोक असण्याची दाट शक्यता आहे. थेंब थांबवा आणि दाखवा.

डोळ्याच्या बाबतीतही सांगते. क्लोरॅम्फेनिकॉल डोळ्यासाठी ०.५ टक्के असतं, कानासाठी बहुधा ५ टक्के. दहापट! चष्मा न लावता कानाची बाटली डोळ्यात रिकामी केलेले आजोबा मी पाहिलेत. चूक झालीच तर डोळा लगेच भरपूर पाण्याने धुवायचा आणि तडक डॉक्टरांकडे.

टाकायची पद्धत. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरायची. थंड थेंब गेले की गरगरतं, हा भास नव्हे. रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांचे रोगी कान थंड पाण्याने धुतल्यावर चक्कर येते म्हणून तक्रार करायचे. त्याचा माग काढत ते आतल्या कानाच्या तोलापर्यंत पोचले आणि त्यांना १९१४चं नोबेल मिळालं. तुम्हाला काही नोबेल नको आहे, तेव्हा बाटली कोमट करा. मग कुशीवर आडवं व्हायचं, दुखरा कान वर. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, अगदी लहान मुलाचा खाली आणि मागे. थेंब दुसऱ्याने टाकलेले बरे, स्वतःचे निम्मे गालावर जातात. बाटलीचं टोक कानाला लावायचं नाही. मग तो समोरचा उंचवटा हळू हळू चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे अडकलेली हवा निघते आणि औषध खाली सरकतं. आणि पाच मिनिटं पडून राहायचं. पाच म्हणजे पाच. उठून लगेच कुकर बंद करायला गेलात तर औषध खांद्यावर.

कान घाणीने भरला असेल तर आधी डॉक्टरांकडून साफ करून घ्यावा लागतो. नळी सुजून बंद झाली असेल तर आम्ही आत छोटी वात ठेवतो, थेंब तिच्यावर टाकायचे. दुसऱ्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून औषध सोडू नका, साधारण सात दिवस लागतात. उलट दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल तर थेंब वाढवू नका, परत दाखवा. फोडलेली बाटली बहुतेक वेळा चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते. फोडल्याची तारीख पेनाने लिहा. आणि लसणीचं तेल, कृपा करून, भाजीत घाला.

बंगळूरला खासगीचा खर्च झेपत नसेल त्यांच्यासाठी व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात श्री वेंकटेश्वर कान-नाक-घसा संस्था आहे, सरकारी आहे.

तर मामा. पंधरा दिवस थेंब टाकत राहिले. "बरं आहे" म्हणत राहिले, कारण भाचीला त्रास कशाला. रात्री मात्र झोपू शकत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात मामींचा फोन आला, "ह्यांचं तोंड वाकडं झालंय." मी त्यांना बंगळूरला आणलं. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांत हा संसर्ग कातडीतून कवटीच्या हाडात उतरू शकतो. १९६८मध्ये चँडलर यांनी याला 'मॅलिग्नंट' म्हटलं. हा कर्करोग नव्हे, पण तेव्हा माणसं दगावत म्हणून ते नाव. चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते. इथे थेंब पुरत नाहीत. मामांना सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं, साखर आटोक्यात आणावी लागली.

मामा वाचले. डावा डोळा अजून पूर्ण मिटत नाही, रात्री मलम लावून पट्टी बांधतात. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आता फोन केला की मात्र आधी सांगतात, "आज सकाळची साखर एकशे बत्तीस. आता ऐक, काय होतंय ते." मी जेवत असले तर ताट बाजूला ठेवते.