कूपन आणि कॅन्टीन
भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्याच्या हातात फंडाचे पैसे आले, की सल्लागार आपोआप उगवतात. हल्ली त्यांच्या पोतडीत क्रिप्टोतलं ‘युटिलिटी टोकन’ही असतं. हे टोकन म्हणजे कॅन्टीनचं कूपन समजा. कॅन्टीन चालू, तर चहा. बंद, तर नुसता कागद. तेव्हा आधी कॅन्टीन बघा. म्हणजे टोकनच्या बदल्यात कबूल केलेली सेवा आज खरोखर मिळतेय का? एकूण टोकनं किती, आणि चालकांनी स्वतःकडे किती ठेवलीत?

पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेचं प्रकरण आठवतंय? बिटकॉइनमध्ये दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष, तेही १८ महिने! २०१७ पर्यंत बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन लोकांच्या हाती टेकवलं गेलं, बिटकॉइनच्या मानाने कवडीमोल. आणि हो, अशा टोकनांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहेच. तोटा मात्र दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा करता येत नाही.