श्रमाचा हिशेब कोणाच्या वहीत?

(पाचोरा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



आधुनिक उद्योग म्हटला की शोषण आलेच, अशी समजूत रूढ आहे. एक पक्ष त्यावर वर्गसंघर्षाचा उतारा सांगतो. दुसरा पक्ष बाजाराचा नियम म्हणून हात झटकतो. पण शोषण खरोखरच अटळ आहे काय?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास खानदेशातील मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत बार्डोलीकडे जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मजुरी टनावर आणि आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा. हंगाम सरतो, उचल मात्र फिटत नाही. पुढचे वर्षही त्याच मुकादमाकडे बांधले जाते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, तरी ही साखळी तुटलेली नाही. दोष यंत्राचा नाही. हिशेबाची वही एकाच्याच हाती आहे आणि मजुराच्या घरी दुसरा आधार नाही, हे खरे कारण आहे.

वही उघड झाली की काय घडते, हे हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने पाहिले आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्यास पूर्वी ना मालक होता, ना रजा. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरी व त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने कामगारास वेतन, भविष्यनिर्वाह निधी व बोनस द्यावा, अशी व्यवस्था झाली. पोत्याचे ओझे तेच राहिले, पण जेथे मंडळ पोहोचले तेथे हमालाची लाचारी संपली.

१९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन करताना दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्ष नाकारला, अन्यायाविरुद्धचा संघर्ष नव्हे. उद्योग हे कुटुंब मानायचे, तर त्या कुटुंबातील कष्टकरी उपाशी ठेवून चालणार नाही. मजदूर संघ विश्वकर्मा जयंतीला श्रमिक दिन मानतो, त्याचा अर्थही हाच: श्रम ही विकत घेण्याची वस्तू नव्हे, ते पूजनीय कर्म आहे.

मात्र पूजेची सुरुवात घरापासून व्हावी लागते. धुणेभांडी करणाऱ्या ताईंच्या आजारपणाची रजा कापली जाते का? दुकानातील मुलाला आठवड्याची सुट्टी मिळते का? सणाला उटी-नारळ आणि एरवी खाडा, ही समरसता नव्हे.

शोषण अटळ नाही. ते सोयीचे आहे, म्हणून टिकते. ती सोय सोडण्याची तयारी प्रत्येक घराने आणि प्रत्येक मालकाने दाखवली पाहिजे.