ट्रॉलीच्या मागचा दिवा

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांचं रूप पालटतं. कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, तोडणीच्या टोळ्या फडात उतरलेल्या असतात आणि नगर-मनमाड रस्त्यावर, नेवासा-श्रीरामपूरच्या वाटेवर, संगमनेरच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. याच दिवसांत शिर्डीच्या पायी पालख्या निघतात, नाताळच्या सुट्टीतल्या मोटारी येतात, लग्नाची तिथी गाठायला निघालेल्या मोटारसायकली धावतात. पुढचे चार-पाच महिने ही सगळी मंडळी एकाच डांबरावरून जाणार असतात. मी नोकरीची बरीच वर्षं मोटार वाहन निरीक्षक म्हणून काढली. गाड्यांचं पासिंग करणं हे माझं काम. त्या अनुभवाच्या आधारावर आज ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीविषयी, तिच्या नियमांविषयी आणि तपासणीविषयी बोलणार आहे.

आपला नगर जिल्हा, २०२४ पासून अहिल्यानगर, हा सहकारी साखर कारखानदारीचं माहेरघर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरेच्या परिसरात सहकारी कारखाना सुरू झाला. त्या काळी ऊस यायचा तो मुख्यतः बैलगाडीतून. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका, रस्त्यावर इतर वाहनं मोजकी, आणि रात्रीच्या गाडीला खाली कंदील टांगलेला. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल वाट सोडत नसत. आज बैलगाड्या पूर्ण गेलेल्या नाहीत, पण मोठा भार ट्रॅक्टरनं उचलला आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस, हे चित्र आपल्या इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही धोका आहे असं मनातही येत नाही.

कायद्यापासून सुरुवात करू. ट्रॉलीला इंजिन नसतं, म्हणून ती वाहन नाही अशी समजूत अनेकांची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली ‘मोटार वाहना’ची व्याख्या काढून पाहिली तर त्यात ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणून मागच्या ट्रॉलीची आपोआप होत नाही. तिची वेगळी नोंदणी लागते, तिला स्वतःचा क्रमांक लागतो. आपल्या जिल्ह्यात नगर कार्यालयाचा क्रमांक एमएच १६ आणि श्रीरामपूरचा एमएच १७, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावर हा क्रमांक वाचता येतो का, हे एकदा पाहा. कुठं तो रंगाखाली गेलेला असतो, कुठं उसाच्या वाढ्याखाली, तर कुठं तो कधी लिहिलेलाच नसतो. अपघात करून गेलेली ट्रॉली मग कोणाची, हे शोधायचं कसं?

आता ओढण्याचं शास्त्र पाहू. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि मागचा भार त्याच्या सहा-आठ पट. चढावर हा भार ट्रॅक्टरला मागं खेचतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. उताराला तोच भार मागून ढकलतो. करंजीच्या किंवा इमामपूरच्या घाटात उतरताना ब्रेक ट्रॅक्टरला लागतो, पण अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. ती बाजूला वळून ट्रॅक्टरला आडवं पाडते. म्हणून घाट उतरायचा तो ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये, आणि क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही, हा जुन्या चालकांचा नियम आहे.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, उजव्या चाकाचं वेगळं आणि डाव्या चाकाचं वेगळं. शेतात सरीच्या टोकाला झटकन वळता यावं म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडलं पट्टीनं एकत्र जोडायची असतात. ती जोडली नाहीत आणि गडबडीत पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक थांबतं आणि भरलेला ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. पट्टी लावायला पाच सेकंद लागतात. तपासणीच्या वेळी मी आधी तीच पाहत असे, आणि पुष्कळ वेळा ती गंजून एका जागी घट्ट बसलेली असे. म्हणजे वर्षानुवर्षं कोणी तिला हात लावलेला नाही.

तिसरी गोष्ट जोडाची. पंधरा-वीस टनांचा भार एका हुकावर आणि एका पिनेवर लटकलेला असतो. ती पिन वर उसळू नये म्हणून खाली क्लिप असते. क्लिप हरवली की तार गुंडाळली जाते, पिन झिजली की त्या जागी बाजारात मिळेल तो बोल्ट येतो. खड्ड्यात आदळल्यावर तो बोल्ट तुटला, तर मागची ट्रॉली तिला हवी त्या दिशेनं जाते. साध्या लोखंडी साखळीची एक फेरी ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत घातलेली असली, तर पिन तुटूनही ट्रॉली सुटत नाही.

हा प्रश्न फक्त आपला आहे असं नाही. परदेशात हौशी लोक मासेमारीच्या आणि सहलीच्या होड्या मोटारीमागच्या ट्रेलरवर लादून समुद्राकडे नेतात. होडी पाण्यात सोडताना ट्रेलरची चाकंही खाऱ्या पाण्यात बुडतात, बेअरिंग आणि ब्रेक गंजतात. आपल्याकडे चिखलाच्या आणि पाटपाण्याच्या फडात जी गत ट्रॉलीची होते, तीच तिथं होडीच्या ट्रेलरची. न्यूझीलंडमध्ये अशा छोट्या ट्रेलरलाही ठरावीक मुदतीनं तपासून घेऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये एकूण वजन ७५० किलोंच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि जोड तुटलाच तर ते ब्रेक आपोआप आवळणारी तार लागते. ७५० किलो म्हणजे पाऊण टन. आपल्या ट्रॉलीत किती असतं ते मघाशी सांगितलंच.

पण आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घात होतो तो अंधारात, मागून धडकून. याचं साधं गणित मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे २५ ते ३३ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी २५ मीटर लागतात. एकूण ५०-६० मीटर झाले. खाली पाडलेल्या दिव्याच्या उजेडात काळपट, धुळीनं माखलेली ट्रॉली दिसते ती ३०-४० मीटरवर, आणि समोरून कोणाचा झगझगीत दिवा डोळ्यांवर आला तर तेवढ्यावरही नाही. म्हणजे उभी ट्रॉली दिसली तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. मोटारसायकलवाला दारू प्यालेला असावा, वेगात असावा, असं आपण सहज म्हणून जातो. हे गणित मात्र शुद्धीवर असलेल्या, बेतानं गाडी चालवणाऱ्या माणसाचं आहे.

यावर उपाय आहे तो काही रुपयांचा. परावर्तक पट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो, तिच्यात बारीक मणी किंवा प्रिझम असतात. ते पडलेला उजेड जिथून आला तिथंच परत पाठवतात. त्यामुळं शंभर-दीडशे मीटरवरूनही ती मागच्या चालकाच्या डोळ्यांत चमकते. पुढं पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल, असा तिचा नियम आहे. पण ती ट्रॉलीच्या पत्र्यावर चिकटवून काम भागत नाही. ऊस मागं लोंबतो आणि पट्टी झाकून टाकतो. राहिलेली चिखलानं माखते. म्हणून उसाच्या भारावरून मागं सोडता येईल असा चमकणारा कापडी फलक हवा आणि फडातून रस्त्यावर चढताना फडक्याचा एक हात हवा. शिवाय पट्टी उजेड परत देते, स्वतः देत नाही. मागच्या वाहनाचा दिवा मिणमिणता असेल तर ती फारशी उपयोगी नाही. म्हणून ट्रॉलीच्या मागं चालू असलेला लाल दिवा हवाच. त्याची वायर ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत जाते आणि बहुधा दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडातच तुटलेली असते.

मग तपासणी होत नाही का? होते, पण तिला मर्यादा आहेत. व्यावसायिक मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शेतीचा ट्रॅक्टर मात्र नियमांनुसार बिगर-वाहतूक वाहन. त्याची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं चालते. शेतकऱ्याला दर वर्षी हेलपाटे नकोत, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण तोच ट्रॅक्टर हंगामात रोज दोन-दोन खेपा करून दुसऱ्याचा ऊस भाड्यानं वाहू लागला, की त्याचं काम ट्रकचं होतं आणि तपासणी मात्र नांगराची राहते. अपघात झाल्यावर याच ठिकाणी वाद उभा राहतो. विमा शेतीकामासाठी होता की भाड्याच्या वाहतुकीसाठी, ट्रॉलीचा विमा होता की नव्हता, यावर दावा वर्षानुवर्षं लोंबकळतो. घरातला कर्ता गेलेलं कुटुंब एकीकडे, आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला मालक दुसरीकडे, दोघंही अडकतात.

भार जास्त का भरला जातो, याचंही कारण उघड आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. डिझेल मात्र खेपेला लागतं. बँकेचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस प्रत्येक खेपेत दोन टन जास्त कोंबणारच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये, असा दंड कायद्यात आहे. भार बाजूनं, मागून किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला तरी २० हजार आहेत. पण जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. रात्री दोन वाजता कोणत्या फाट्यावर किती निरीक्षक उभे करणार?

म्हणून माझं म्हणणं असं की, ट्रॉलीच्या तपासणीची खरी जागा रस्ता नाही आणि आमचं कार्यालयही नाही. ती जागा म्हणजे कारखान्याचं गेट. प्रत्येक ट्रॉली तिथून जातेच. तिथं वजनकाटा आहे, पावती आहे, कोणत्या क्रमांकाच्या वाहनानं किती टन ऊस आणला याची नोंद आहे. जादा भार कोणी भरला हे शोधायला वेगळी यंत्रणा नको; ते रोज संध्याकाळी कारखान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. ट्रॉली रिकामी होऊन बाहेर पडते त्या क्षणी मागचा दिवा, पट्टी, पिन, साखळी आणि चाकांचे नट पाहायला एका माणसाला दोन मिनिटं पुरतात. दिवा बंद असेल तर पुढची खेप नाही, एवढाच नियम. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर बसवण्याचे कार्यक्रम होतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. ते व्हावेत. पण नोव्हेंबरात लावलेली पट्टी जानेवारीत कोणी पुसली का, हे विचारणारा माणूस गेटवर हवा.

यावर दोन आक्षेप मी ऐकत आलो आहे. पहिला, गेटवर रांग लागेल. रांग आजही असते. ट्रॉल्या यार्डात तासन् तास उभ्या असतात, तपासणी त्याच वेळात होऊ शकते. दुसरा, जास्त कडक झालो तर वाहनं शेजारच्या कारखान्याकडे जातील. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे एका कारखान्यानं करून भागणार नाही, जिल्ह्यातल्या सगळ्यांनी एकाच दिवसापासून करायला हवं. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच वजा होतो, तेव्हा दिव्याच्या वायरीचे पैसेही त्यात धरायला सभासदाची हरकत असू नये.

ऊसतोडणीच्या कुटुंबांचा विषय यात सुटता कामा नये. बीडकडून, आपल्याच पाथर्डी-शेवगावातून माणसं निघतात ती ट्रॉलीत संसार भरून, वर लेकरं बसवून. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवणं नियमात बसत नाही, हे मुकादमालाही ठाऊक असतं. त्या ट्रॉलीचा बोल्ट तुटला तर त्यात ऊस नसतो, मुलं असतात. हंगाम सुरू होताना आणि संपताना टोळ्यांसाठी बसची सोय करणं कारखान्यांना अशक्य नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर असेल, निदान आपला ऊस नेणारा तरी ओळखीचा असेल. त्याला तीन गोष्टी सांगा. टेपचा आवाज इतका ठेव की मागचा हॉर्न ऐकू येईल. पंक्चर झालं तर ट्रॉली डांबराखाली उतरव आणि मागं धोक्याचा त्रिकोण ठेव. आणि त्रिकोण नसल्यामुळं दगड लावलेस, तर निघताना ते उचलून बाजूला टाक. ट्रॉली जाते आणि दगड रस्त्यात राहतात, मग रात्री त्याच दगडावर कोणीतरी पडतो. तुमच्या फडातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर चढेल, तेव्हा बांधावरून दहा पावलं मागं चालत जा आणि मागचा लाल दिवा लागलाय का ते पाहा. नसेल लागला, तर वायर जोडेपर्यंत तिला जाऊ देऊ नका.