आपल्या वावराची साक्ष आपणच दिली पाहिजे

(वर्षावासातील एका पौर्णिमेस वर्धा जिल्ह्यातील एका विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

उपासक-उपासिकांनो, आणि नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील बंधुभगिनींनो,

विहारात जमिनीच्या नकाशाविषयी बोलावे हे आपणांपैकी काहींस विचित्र वाटेल. वंदना झाली, आता धम्मप्रवचन व्हावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु धम्माचे जे गुण आपण वंदनेत उच्चारतो, त्यांत ‘एहिपस्सिको’ असा एक शब्द आहे. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. जो धम्म स्वतःचीही परीक्षा घ्यावयास सांगतो, त्याच्या अनुयायांनी आपल्या पायाखालच्या भूमीविषयी मात्र इतरांनी लिहून ठेवले तेच खरे मानावे काय? आजचा माझा प्रश्न एवढाच आहे.

आपल्या पूर्वजांची एक गोष्ट आपण विसरता कामा नये. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे. शीव कोठून जाते, जुना दगड कोठे होता, कोणता ओढा कोणत्या गावचा, हे त्यासच ठाऊक. साऱ्या गावाची सीमा ज्याच्या शब्दावर ठरे, त्याच्या स्वतःच्या नावावर त्या सीमेच्या आत बहुधा वितभर जमीन नसे. याचे कारण उघड आहे. त्याचे ज्ञान तोंडी होते आणि दप्तर दुसऱ्याच्या हाती होते. बोललेले हवेत विरले, लिहिलेले राहिले.

वर्धा जिल्हा हा जुन्या मध्यप्रांतातील मालगुजारी मुलूख. १९५१ साली मालगुजारी संपली आणि गावोगावच्या पडीत व चराईच्या जमिनी सरकारकडे आल्या. त्यांपैकी पुष्कळ जमिनीवर दप्तरात ‘झुडपी जंगल’ असा शेरा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत हा प्रकार आढळतो. शेरा एकच, परंतु त्याखाली कोठे गुरे चरतात, कोठे शाळा उभी आहे, कोठे स्मशान आहे, कोठे लोकांची घरे आहेत, तर कोठे कोणी मुरमाड भुईतील दगड वेचून तुरीचे पीक काढतो आहे.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनींविषयी निर्णय दिला. निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, हे विदर्भाचेच सुपुत्र आणि आपल्यासारखेच बौद्ध होत. झुडपी जंगल हे वनच समजले जाईल, असे न्यायालयाने ठरविले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी वाटून दिल्या आहेत, त्या वनांच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी, आणि त्यानंतरच्या वाटपाची चौकशी व्हावी, असेही सांगितले. त्या एका तारखेस कोणती भूमी कोणत्या आदेशाने कोणाकडे होती व तिचा उपयोग काय होत होता, यावर आता अनेक कुटुंबांचे भवितव्य अवलंबून आहे.

येथे दोन गोष्टींतील भेद नीट ध्यानात घ्या. भूमीवर काय दिसते, म्हणजे गवत, झुडूप, पीक की पाणी, हे झाले भू-आच्छादन. त्या भूमीचे माणूस काय करतो, हा झाला भू-वापर. आकाशातील उपग्रहास पहिले दिसते, दुसरे दिसत नाही. आज ज्या उपग्रहांची चित्रे जगभर विनामूल्य मिळतात, त्यांपैकी सेंटिनेल-२ च्या चित्रातील एक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. हे क्षेत्र बरोबर एक आर होते. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात तोच हा आर. ज्या कुटुंबाची झोपडी पाव आरात मावते, ते कुटुंब त्या ठिपक्यात हरवून जाते. शिवाय खरिपात मृगापासून पोळ्यापर्यंत ढग असतात. नेमके पीक उभे असते तेव्हाच आकाशाचा डोळा मिटलेला असतो. ओस पडलेले वावर आणि झुडपी रान उन्हाळ्यात वरून सारखेच दिसते. त्यांतील भेद धुऱ्यावर उभा असलेला मनुष्यच सांगू शकतो.

ही उणीव शास्त्रज्ञांनीही ओळखली आहे. २००४ साली इंग्लंडात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा नकाशा सुरू झाला. तो कोणत्याही सरकारने काढलेला नाही. सामान्य नागरिक आपल्या परिसरातील रस्ते, विहिरी, शेते व वस्त्या त्यात भरतात. २०१० च्या जानेवारीत हैती देशात भूकंप झाला, तेव्हा दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी चित्रे पाहून राजधानीचा नकाशा काही दिवसांत तयार केला आणि मदत करणाऱ्यांनी तो वापरला. आज भू-वापराचे नकाशे करणारे अभ्यासक अशा लोकनोंदींचा आधार घेतात.

परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या राज्यातच १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सर्वत्र सुरू झाली. पूर्वी पीक पाहणी तलाठी करीत असे आणि पुष्कळदा ती चावडीत बसूनच होई, हे आपण जाणता. आता खातेदार स्वतः वावरात जाऊन मोबाईलवर आपला गट क्रमांक, पीक व क्षेत्र भरतो आणि उभ्या पिकाचे छायाचित्र काढतो; स्थानाचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात. ती नोंद गाव नमुना बारामध्ये उतरते. कापूस, सोयाबीन की तूर, हे सांगण्याचा अधिकार प्रथमच कसणाऱ्याच्या हाती आला. ज्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबांस कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या योजनेतून चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळाली आहे, त्यांनी तरी ही नोंद एकही हंगाम चुकवू नये. मुलास येते म्हणून त्याच्यावरच सोपवू नका. आईनेही ती शिकावी.

आता कटू भाग. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्यास ही पाहणी विचारीत नाही. गायरान किंवा झुडपी जमीन कसणाऱ्याचे पीक वावरात डोलते, पण दप्तरात उगवत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून जो भूमिसत्याग्रह केला, तो अशाच माणसांसाठी होता. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासनाने निर्णय काढला आणि १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. त्या वेळी ज्यांच्या कब्जाची नोंद गाव नमुना एक-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीत होती, त्यांच्या हाती पुरावा होता. ज्यांनी तितकीच वर्षे घाम गाळला पण ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांस आपण कसत होतो हे सिद्ध करणे दुरापास्त झाले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक विहाराने दोन तरुण, दोन स्त्रिया आणि दोन वृद्ध यांची एक मंडळी नेमावी. त्यांनी आपल्या लोकांच्या ताब्यातील प्रत्येक तुकड्याच्या धुऱ्याने चालत जावे. मोबाईलवर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, चतुःसीमा लिहावी, विहीर, बांध, पांदण आणि जुने झाड यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. जमीन केव्हा व कोणी फोडली, हे वृद्धांकडून लिहून घ्यावे. वाटपाचा आदेश, दंडाची पावती, एक-ईची नक्कल, जे असेल ते त्यासोबत जोडावे. १९८० नंतरची उपग्रहचित्रे पाहावयास मिळतात. १९९६ पूर्वी तेथे पीक होते की झुडूप, एवढे त्यांवरून कळू शकते. ते कोणाचे होते हे मात्र चित्र सांगणार नाही. ते म्हातारी माणसे आणि कागदच सांगतील. वनहक्क कायद्याच्या नियमांतही २०१२ साली हेच तत्त्व घातले गेले: उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही.

दोन इशारेही देतो. अशी नोंद म्हणजे मालकी नव्हे. ई-पीक पाहणीने किंवा खुल्या नकाशाने हक्क निर्माण होत नाही. हक्क आदेशाने मिळतो, नोंद ही त्याची साक्ष असते. दुसरे असे, की जगास दिसणाऱ्या नकाशावर विहार, विहीर, रस्ता, शाळा जरूर दाखवा, परंतु कोणाच्या ताब्यात कोणता तुकडा आहे ही माहिती नावानिशी तेथे टाकू नका. ती विहाराच्या वहीत ठेवा आणि जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने योग्य कचेरीत द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपण पंचशील घेतले आहे. न दिलेले घेणार नाही आणि खोटे बोलणार नाही, या दोन प्रतिज्ञा त्यात आहेत. एक एकर कसत असाल तर एकच लिहा. शेजाऱ्याची चराई, गुरांची वाट, आदिवासी बांधवाचा तुकडा आपल्या रेषेत ओढू नका. एक खोटी रेषा पकडली गेली की शंभर खऱ्या रेषांवरचा विश्वास उडतो, आणि त्याचा तोटा ज्याच्यापाशी दुसरा पुरावा नाही त्यालाच होतो.

आपले पूर्वज गावाची सीमा दाखवीत पुढे चालत आणि लिहिणारा मागून लिहीत येई. आता चालणाराही आपणच आणि लिहिणाराही आपणच असू शकतो. पुढील पौर्णिमेस येथे याल तेव्हा प्रत्येक घराने आपल्या एका तुकड्याची चतुःसीमा लिहून आणावी. वही मी घेऊन येईन.

जयभीम! नमो बुद्धाय!